फ्यूज उडाला म्हणून फ्यूजवर राग काढू नका
जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डमधील शॉर्टसर्किट : एका कापड व्यापाऱ्याचा तजुर्बा

व्यापार-उद्योगाच्या पानावर मोटारीच्या तारांचा विषय पाहून वाचकांना नवल वाटेल. आमचा धंदा कापडाचा. सुताचे भाव, इचलकरंजी आणि विट्याच्या मागांची हालत, उधारीची दुखणी, हे आमचे रोजचे विषय. पण फिरत्या व्यापाऱ्याची गाडी हा त्याच्या दुकानाचाच एक भाग असतो. मालाची गाठोडी, नमुन्यांची पेटी, वसुलीची वही, सारे तिच्यात असते. अशी गाडी रात्री रस्त्यावर पेटली, तर नुकसान केवळ पत्र्याचे होत नाही. शिवाय आमच्या हातून या प्रकरणात एका कारीगरावर अन्याय घडला. त्याचाही हिशेब या लेखात मांडायचा आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जुन्या गाड्या सांभाळणारी घराणी अजून आहेत. कोणाकडे वडिलांची फियाट, कोणाकडे अॅम्बॅसेडर, तर कोणाकडे शेतावरची जीप. या गाड्यांचे इंजिन दुरुस्त करणारे हात अजून मिळतात, पण वायरिंग समजून घेणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून मालकालाच थोडेफार ज्ञान असणे जरूर आहे.

गाडीची ओळख

आमची गाडी १९७१ सालची फियाट अकराशे. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. ही गाडी आपल्या महाराष्ट्राचीच म्हणायची. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात या फियाट तयार होत. १९६४ पासून अकराशे डिलाइट हे मॉडेल आले आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्या वालचंदांचे नाव आहे, ते हेच.

या गाडीचे वायरिंग साधे आहे. बारा व्होल्टची बॅटरी आणि तिची उणे बाजू बॉडीला जोडलेली. म्हणजे बॅटरीच्या अधिक बाजूने निघालेली वीज तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. परतीच्या वाटेला वेगळी तार नाही. तारा वाचतात, काम स्वस्त होते. पण धोकाही इथेच आहे. गाडीचा सारा पत्रा हाच परतीचा रस्ता असल्याने, वीज भरलेल्या तारेची साल कुठेही सोलली आणि आतले तांबे पत्र्याला टेकले, की दिव्यापर्यंत न जाता वीज तिथूनच परत फिरते. यालाच शॉर्टसर्किट म्हणतात.

पेठ नाक्याच्या पुढे

जुलै २०२२ ची गोष्ट. साताऱ्याहून दुपारी निघालो. सोबत पुतण्या होता, मागच्या सीटवर साडीच्या अस्तरांची दोन गाठोडी आणि नमुने होते. कराडला एका ग्राहकाकडे वेळ गेला, त्यामुळे पुढे अंधार पडला. पाऊस चालू होता. कराडच्या पुढे डॅशबोर्डचे दिवे एकदम गेले. आमच्या गाडीत डॅशबोर्डचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मागचा उजवा लाल दिवा एकाच फ्यूजवर आहेत. फ्यूज बदलला. दिवे लागले. पुढच्या खड्ड्याला पुन्हा गेले. दुसरा फ्यूज घातला, तोही गेला. जवळचे फ्यूज संपले.

एका ट्रकवाल्याने शेजारी येऊन ओरडून सांगितले, "शेठ, मागून तुमची गाडी मोटारसायकल वाटतीय!" खरेच होते. उजवा दिवा बंद आणि डावा चालू असेल, तर अंधारात मागच्याला एकच दिवा दिसतो. तो त्या अंदाजाने बाजू काढायला जातो आणि ठोकर बसते. म्हणून पेठ नाक्याला एका टपरीवर थांबलो. तिथल्या तरुणाकडे आमच्या गाडीचा फ्यूज नव्हता. त्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद उडालेल्या फ्यूजला गुंडाळला, फ्यूज जागेवर दाबला आणि दिवे लागले. "आता सांगलीपर्यंत बिनघोर जा शेठ," म्हणाला. आम्ही पन्नास रुपये दिले आणि खुशीत निघालो. दोष त्या पोराचा नाही. आम्ही त्याला दिवा लावायला सांगितले होते, बिघाड शोधायला नव्हे.

आष्टा सोडल्यावर गाडीत जळका वास आला. कापडवाल्याला जळका वास चटकन ओळखता येतो. सूत जळले तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि पॉलिएस्टर जळले तर काहीसा गोडसर. दुकानात आम्ही धागा जाळूनच कापडाची परीक्षा करतो. पहिल्यांदा हात मागच्या गाठोड्यांकडे गेला. पण हा वास दोन्हींपैकी नव्हता. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा होता. तेवढ्यात स्टिअरिंगच्या खालून धूर निघाला. गाडी कडेला घेतली, चावी काढली. तरी धूर थांबेना, कारण घाबरलेल्या अवस्थेत दिव्यांचा स्विच चालूच राहिला होता. पुतण्याने बॉनेट उघडले आणि पान्याने बॅटरीची तार सोडवली, तेव्हा धूर थांबला. पाना हाताशी नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो.

रात्री एका ओळखीच्या टेम्पोने माल सांगलीच्या गणपती पेठेत पोचवला. गाडी दुसऱ्या दिवशी ओढून मिरजेला नेली.

आमची चूक इथे झाली

महिनाभरापूर्वी साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या दिव्याचे होल्डर बदलले होते. वडिलांच्या काळापासून तेच गाडीचे वायरिंग बघत. त्यांचे चारशे रुपये अजून द्यायचे होते. आम्ही त्याच रात्री सांगलीहून त्यांना फोन लावला आणि नको ते बोललो. "तुमच्या कामाने आज गाडी जळाली असती, पैसे विसरा," असेही म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, मी डिकीत काम केलंय. धूर तर पुढनं आलाय म्हणताय." आम्ही ऐकले नाही, फोन ठेवला.

मिरजेच्या उस्तादांची पद्धत

मिरजेचे उस्ताद सत्तरीच्या घरातले. आम्हाला वाटले, ते लगेच डॅशबोर्ड खोलतील. त्यांनी आधी खुर्ची दिली, चहा मागवला आणि प्रश्न विचारले. कोणता फ्यूज उडतो? कशावर उडतो, ब्रेक दाबल्यावर, हॉर्नवर, की खड्ड्यावर? पाणी कुठून गळते का? अलीकडे काय बसवले? आम्ही म्हणालो, काहीच नाही. मग त्यांनी विचारले, "पूर्वी काय बसवलं होतं?" आम्ही म्हणालो, फार पूर्वी टेप होता, केव्हाच काढला. ते फक्त "बरं" म्हणाले.

खड्ड्यावर उडतो, या एका उत्तराने त्यांचे अर्धे काम झाले होते. एखादा स्विच दाबल्यावर फ्यूज उडाला, तर बिघाड त्या स्विचच्या पुढच्या तारेत असतो. खड्ड्यावर उडाला, तर कोठे तरी तार सैल आहे आणि हादऱ्याने पत्र्याला टेकते आहे.

नंतर त्यांनी जे केले, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. त्यांच्याजवळ एकवीस वॅटचा एक बल्ब होता, ब्रेकच्या दिव्यात असतो तसा. त्याला दोन तारा आणि दोन चिमटे. उडालेला फ्यूज काढून त्या जागी त्यांनी हा बल्ब जोडला. त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब, डॅशबोर्डचे आणि मागचे, आधीच काढून ठेवले. आता हिशेब असा की, बल्ब काढल्यावर त्या तारेतून वीज जायला वाट नाही, म्हणून चिमट्यातला बल्ब लागू नये. पण जळालेली तार आता पत्र्याला पक्की चिकटली होती, त्यामुळे तो लखलखीत पेटला. याचा अर्थ बिघाड अजून जागेवर आहे. या बल्बचा फायदा दुहेरी. एकवीस वॅट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज तो जाऊ देत नाही. तार तापत नाही, फ्यूज वाया जात नाहीत आणि शोध निवांत घेता येतो.

मग त्यांनी तारांचे दोन भाग केले. डॅशबोर्डखालून मागे डिकीकडे जाणाऱ्या तारांचा जोड सुटा केला. बल्ब तसाच पेटलेला. म्हणजे मागचा अर्धा भाग निर्दोष. आमचा फोनवरचा आरोप तिथेच खोटा ठरला. नंतर डॅशबोर्डच्या दिव्यांकडे जाणारी तार सोडली. बल्ब विझला. बिघाड सापडला त्या हातभर लांबीत.

आमच्या धंद्यात रोकड जुळली नाही, तर आम्ही वर्षाचे प्रत्येक पान चाळत बसत नाही. दिवाळीपर्यंतची बेरीज बघतो. ती बरोबर असेल तर फरक पुढच्या महिन्यांत. पुन्हा त्याचे दोन भाग. चार-पाच वेळा अर्धे केले की पान सापडते. तारांचेही तसेच आहे. अंदाजाने इकडे-तिकडे टेप गुंडाळणारा दिवसभर राबतो, अर्धे-अर्धे करणारा तासाभरात पोचतो.

मग स्पीडोमीटरची केबल सोडून मीटर बाहेर काढले. टॉर्चच्या उजेडात डॅशबोर्डच्या खालच्या कडेला पत्र्यात घुसलेला एक स्क्रू दिसला. त्याचे टोक आत दोन सूत आले होते आणि त्याला टेकून काळी पडलेली तार. उस्तादांनी विचारले, "हा कुणाचा?"

तो आमचा होता. १९९० साली, कॉलेजात असताना, वडील गावाला गेलेले पाहून आम्ही स्वतः त्या गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता. पत्र्याला भोक पाडून लांब स्क्रू मारला होता, आत काय आहे ते न बघता. पुढे प्लेअर काढला, पण स्क्रू राहिला. बत्तीस वर्षे त्याचे टोक तारेला घासत होते. तारेची साल नवी असताना मऊ होती, तिने सहन केले. उन्हाने ती कडक झाली, चिरली आणि त्या पावसात उघडी पडली.

मीटरने फसू नका

आजकाल बऱ्याच मालकांकडे दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असतो. तो जरूर ठेवावा, पण त्याची एक फसवणूक माहीत असावी. बीप वाजला की शॉर्ट आहे, असे समजणारे पुष्कळ आहेत. थंड बल्बची तार वीज अगदी सहज जाऊ देते. एकवीस वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे सात ओहम अडथळा करतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून बल्ब जागेवर ठेवून मीटर लावला, तर चांगल्या तारेवरही बीप वाजतो आणि नसलेला बिघाड दिसतो. आधी बल्ब काढावेत, बॅटरी सोडवावी, मगच मीटर लावावा.

दुसरी गल्लत खराब अर्थिंगची. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा दिवा मिणमिणतो, अशी लक्षणे दिसली की लोक शॉर्ट म्हणतात. बहुतेक वेळा तो शॉर्ट नसतो. बॉडीला जोडलेल्या तारेखाली गंज आलेला असतो आणि परतीचा रस्ता न मिळाल्याने वीज दुसऱ्या दिव्याच्या वाटेने परतते. अशा वेळी फ्यूज उडत नाही, हीच ओळख. सँडपेपरने पत्रा घासून नट आवळला की काम होते.

फ्यूज हा राखणदार

आता त्या चंदेरी कागदाविषयी. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. तार जेवढी वीज न तापता वाहू शकते, त्याहून कमी विजेवर फ्यूज वितळला पाहिजे. जुन्या फियाटसारख्या गाड्यांत दोन्ही बाजूंना टोक असलेले, बाहेरून धातूची पट्टी दिसणारे फ्यूज असतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा, निळा पंचवीसचा. पांढऱ्याच्या जागी लाल किंवा निळा घालणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे आणि चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे त्याला घरी पाठवणे. बारा व्होल्टच्या मार्गात अडथळा दशांश एक ओहम इतकाच उरला, तर हिशेबाने एकशेवीस अँपिअर वीज वाहील. डॅशबोर्डची बारीक तार काही क्षणांत लाल होते आणि तिच्याबरोबर बांधलेल्या शेजारच्या तारांची सालही वितळते. आमच्या गाडीत एका स्क्रूपायी शेजारच्या तीन तारा गेल्या.

आणखी एक गोष्ट. जुन्या काळच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत जाणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूज नसतोच. तिथे शॉर्ट झाला, तर थांबवणारे कोणी नाही. ज्यांच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर आहे, अशा जीपा वगैरेंत तर सारी वीज त्या मीटरच्या दोन नटांवरून जाते. ते नट ढिले नाहीत ना, त्यांवर रबरी टोपी आहे ना, हे वर्षातून एकदा बघावे. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. बंद करायला एक हात पुरतो, पाना शोधावा लागत नाही.

दुरुस्ती करताना

उस्तादांनी जळालेल्या तारांवर टेप गुंडाळली नाही. काळा पडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चांगल्या तांब्यापर्यंत कापून काढला. मूळ जाडीची आणि शक्य तिथे मूळ रंगाची नवी तार घेतली. जोड पिळून सोल्डर केला आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली. साधी टेप सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात चिकटा सोडते आणि वर्षभरात जोड उघडा पडतो. स्क्रू काढून भोकात रबरी बूच बसवले. तारांचा जुडगा स्पीडोमीटरच्या केबलपासून आणि पत्र्याच्या कडेपासून दूर बांधला.

दुसऱ्याने काम केले तरी मालकाने या जागा स्वतः पाहाव्यात : इंजिनकडून डॅशबोर्डमध्ये तारा येतात त्या भोकातले रबर, स्टिअरिंगच्या खांबावर वळणाऱ्या तारा, डिकीच्या बिजागरीजवळची तार आणि नंतर जोडलेली प्रत्येक वस्तू, मग तो टेप असो, मोबाइलचा चार्जर असो की मोठा हॉर्न. जास्त उजेडासाठी शंभर वॅटचे हेडलाइट लावणारे पुष्कळ आहेत. शंभर वॅटचे दोन बल्ब म्हणजे जवळजवळ सतरा अँपिअर. एवढी वीज पन्नास वर्षांच्या स्विचमधून नेली, तर स्विच आतून जळतो. असे दिवे हवेच असतील तर रिले आणि वेगळा फ्यूज लावून, जाड तारेने बॅटरीवरून वीज घ्यावी.

बॅटरी सोडवताना आधी बॉडीला जोडलेली बाजू सोडावी, लावताना ती शेवटी लावावी. अधिक बाजू आधी सोडायला गेलो आणि पाना पत्र्याला लागला, तर तिथेच ठिणगी उडते. हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी. काही जुन्या ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत अधिक बाजू बॉडीला असते, म्हणून आधी बघून घ्यावे. गाडीत पावडरचा छोटा अग्निशामक असावा. विजेच्या आगीवर पाणी मारू नये.

साताऱ्याचा पाऊस, सांगलीचा पूर

आपल्या दोन जिल्ह्यांच्या हवेनेही वायरिंगची दुखणी वेगळी होतात. साताऱ्याकडे सह्याद्रीचा पाऊस. समोरच्या काचेचे रबर जुने झाले की पाणी आत झिरपते आणि थेट डॅशबोर्डमागे उतरते. फ्यूजच्या चिमट्यांवर हिरवट थर चढतो, ते गरम होतात आणि कारण नसताना फ्यूज वितळतो. सांगलीकडे उन्हाने तारांची साल कडक होते. धान्य आणि हळदीच्या गोदामांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर तारा कुरतडतात, हे दुखणे निराळेच.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. व्यापारी पेठांत पाणी शिरले, कापड भिजले, उभ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती चावी फिरवून बघण्याची. ही मोठी चूक. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये. आधी बॅटरी सोडवावी, जोड उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, पूर्ण वाळवावे आणि मग एकेक फ्यूजवर तो टेस्टचा बल्ब लावून बघावे. गाळ वाळला तरी जोडात बसलेला ओलसर थर महिनोन् महिने वीज झिरपवत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

नोंदणीविषयी

पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरण ५ हजार रुपयांत. पण अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी विचार करून अर्ज करावा. आम्ही केलेला नाही. मात्र मूळ रूपाची अट लक्षात घेता डॅशबोर्डला भोके पाडू नयेत, हे दोन्ही अर्थांनी शहाणपणाचे.

राहिलेला हिशेब

गाडी घेऊन साताऱ्याला परतलो ते सरळ आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. जाताना तो स्क्रू कागदात बांधून नेला. त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितले, चूक तुमची नव्हती, आमची होती, तीही बत्तीस वर्षांपूर्वीची. चारशेऐवजी हजार रुपये पुढे केले. त्यांनी चारशे घेतले, सहाशे परत सरकवले. म्हणाले, "शेठ, माझं झालं तेवढं द्या. पर फोनवर तुमी जे बोलला ना, ते पोरगं शेजारी बसून ऐकत होतं. आता ते म्हणतंय, हा धंदा नको."

या वाक्याचे उत्तर आम्हाला देता आले नाही. आम्ही त्या मुलाशी बोललो, माफीही मागितली. तो सध्या एका शोरूममध्ये कामाला आहे. वडिलांचे दुकान त्याने घेतले नाही.

म्हणून शेवटी आमच्या व्यापारी बांधवांना एक विनंती. मिस्त्रीने पार्ट बदलला तर आपण पैसे देतो, पण दोन तास खपून बिघाड नुसता शोधून दिला तर "यात काय केलंस?" असे विचारतो. त्यामुळे कारीगरही शोधण्याऐवजी बदलायला लागतात. इकडे नवा स्विच, तिकडे नवे मीटर, आणि शॉर्ट तिथेच. कापड तपासणाऱ्या माणसाने थानातला दोष दाखवला, तर आपण त्याला मजुरी देतोच. मिरजेच्या उस्तादांनी बिलात तारांचे एकशेऐंशी रुपये आणि शोधण्याचे सहाशे लावले. आमच्या मते ते स्वस्त होते.

आणि नव्या मुलांना सांगणे असे की, हे काम संपणारे नाही. आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आहे. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांतही दिवे, हॉर्न आणि डॅशबोर्डसाठी बारा व्होल्टचे वायरिंग असतेच. एक मीटर, एक एकवीस वॅटचा बल्ब, सोल्डरिंगची कांडी, चांगल्या तारा आणि धीर, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. यांत धीरच सर्वांत महाग आहे. आमच्याजवळ तो त्या रात्री नव्हता.

तो स्क्रू आता आमच्या दुकानाच्या गल्ल्यात असतो. कोणाच्या नावावर खोट लिहिण्याआधी आम्ही एकदा त्याच्याकडे बघतो.